दुसऱ्या बाटलीतलं पाणी

माझ्या मानेवरची गाठ आधी एका गिऱ्हाइकाला दिसली, मग मला.

बंगळूरच्या चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानात मी अठरा वर्षं विक्रीला आहे. आमच्याकडे साडी नुसती उलगडून दाखवत नाहीत, स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवायची पद्धत आहे. एका बाईंना मोरपिशी रेशीम दाखवत होते. आरशाकडे मान वळवली, तर त्या बाई साडीचं सोडून म्हणाल्या, "अहो, तुमच्या मानेला इथे गाठ आहे." मी म्हटलं, "घाबरू नका, ती साडीबरोबर येत नाही." त्या हसल्या, साडी खपली. नंतर आरशात नीट पाहिलं तेव्हा उजव्या कानाखाली आवळ्याएवढा फुगवटा दिसला. दुखत नव्हता. म्हणून पुढचा महिनाभर तो पदराखाली झाकून मी साड्या विकत राहिले.

दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं मला वाटायचं. तसं नसतं. हे आधीच सांगून टाकते, कारण या लिहिण्याचा कुणाला तरी उपयोग व्हावा अशी इच्छा आहे. आणखीही एक कारण आहे, ते पुढे येईल.

घरातली दोन माणसं

आमचं घर बनशंकरीला. घरात मी आणि अप्पा, म्हणजे माझे वडील. आई जाऊन नऊ वर्षं झाली. थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहते. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही हा या लेखाचा विषय नाही. आमचे लोक या गावात किती पिढ्यांपूर्वी आले ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण पुण्याहून आलेल्या माझ्या मेव्हण्याला ती मराठी वाटत नाही.

अप्पा एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडर होते. तेहतीस वर्षं. बेडूक, साप, विंचू, न जन्मलेलं एक वासरू, असं सगळं काचेच्या बरण्यांत मांडलेलं असायचं आणि त्या बरण्या अप्पांच्या ताब्यात. फॉर्मलिन हळूहळू उडून जातं, बरणीतली पातळी उतरते, ती वेळच्या वेळी भरावी लागते. "नमुना पूर्ण बुडालेला पाहिजे. एवढासा वर राहिला की तिथून सडला म्हणून समज." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की आंब्याच्या लोणच्याच्या बरणीकडे बघूनही मला तेच आठवतं. लोणच्यालाही ते तेच सांगायचे.

त्यांची नखं पिवळी पडलेली होती. संध्याकाळी घरी आले की आई त्यांना शिकेकाईने हात धुवायला लावायची, तरी तो उग्र, नाकात झोंबणारा वास जायचा नाही. माझ्या वर्गातल्या मुली घरी आल्या की नाक धरायच्या. मला मात्र तो वास आला की वाटायचं, अप्पा आले, आता दार लावायला हरकत नाही.

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. अप्पांना ती आवडायची. मी त्यांची टर उडवायचे, ते कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत मिशीत हसायचे. आमचं प्रेम त्या टरीतूनच चालायचं, दुसरं काही बोलायची आम्हाला सवय नव्हती.

हिरवं कापड

आधी सुई घालून तपासलं. त्यात काही स्पष्ट झालं नाही. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. म्हणाल्या, "एक गाठ काढून तपासावी लागेल. टीबी असू शकतो. दुसरंही काही असू शकतं."

"दुसरं म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी अप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तपासल्यावर बोलू."

कॅन्सर हा शब्द कुणीच उच्चारला नाही. परतीच्या मेट्रोत बनशंकरी येईपर्यंत आम्ही दोघंही दारावरचा स्टेशनांचा नकाशा वाचत बसलो.

गाठ काढायला पूर्ण भूल देत नाहीत. मानेला इंजेक्शन देतात आणि तोंडावर हिरवं कापड टाकतात. दुखत नाही, पण ऐकू सगळं येतं. एक नर्स दुसरीला सांगत होती की हल्ली तिचं इडलीचं पीठ फुगतच नाही. मी कापडाखाली पडल्या पडल्या मनातल्या मनात तिला सांगत होते, बाई, थोडी मेथी घाल. भीती वाटत असताना माणूस काय काय विचार करतो याला धरबंद नसतो. मला भीती फार वाटत होती.

बाहेर अप्पा उभे होते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काढलेला तुकडा तपासणीला पोचवायचं काम नातेवाइकांकडेच येतं. नर्सने दार किलकिलं करून माझं नाव घेतलं, "रेणुका यांचं कोण?" आणि अप्पांच्या हातात दोन छोट्या बाटल्या आणि दोन कागद दिले. "ही खाली लॅबला. ती रस्त्यापलीकडच्या लॅबला." एवढं बोलून दार लागलं.

रिक्षातली शाबासकी

पुढे काय झालं ते मला अप्पांनी घरी येताना रिक्षात सांगितलं. माझ्या मानेला पट्टी होती, डोकं त्यांच्या खांद्यावर होतं.

"शिकलेली पोर, पण घाईत विसरली बघ. एका बाटलीत फॉर्मलिन घातलं आणि दुसरीत नुसतं पाणी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वास घेतला ना. तेहतीस वर्षं काय घोरत होतो मी?"

"मग?"

"मग काय, जिन्यात बसलो. पहिल्या बाटलीतलं स्वल्प दुसरीत ओतलं. दोन्ही तुकडे पूर्ण बुडाले. सरी झालं."

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही नसता तर माझी गाठ वाटेतच सडली असती."

ते इतके खूश झाले की रिक्षावाल्याला त्यांनी आपल्या नोकरीची सगळी हकीकत सांगितली. आणि मला खरंच सुरक्षित वाटलं. चिरफाड झाली ती परक्या हातांनी, पण माझा तुकडा ओळखीच्या हातांनी नेला होता. हे मुद्दाम लिहितेय. त्या दिवशी मी त्यांना शाबासकी दिली होती, हे मला पुढे विसरायला फार सोयीचं गेलं.

दुसऱ्या बाटलीत साधं पाणी नव्हतं, सलाइन होतं. ते विसरून घातलेलं नव्हतं, मुद्दाम घातलं होतं.

टीबी निघाल्याचा मैसूरपाक

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरबाई हसल्या. त्या हसल्या म्हणून मी श्वास सोडला. खालच्या लॅबमध्ये तुकड्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते आणि त्यात टीबीच्या गाठीत जे दिसतं ते सगळं दिसलं होतं. "कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. तो शब्द तेव्हा पहिल्यांदा आला, आणि आला तो नाही म्हणायला.

अप्पांनी येताना मैसूरपाक घेतला. टीबी झाला म्हणून मिठाई आणणारं आमचंच घर असेल. शेजारणीला देताना काय सांगायचं ते सुचेना, तर अप्पा म्हणाले, "सांग, गाठ चांगली निघाली."

पलीकडच्या लॅबचा निकाल यायचा होता. त्या तुकड्यातले जंतू वाढवून ते कुठल्या औषधाने मरतात ते बघायचं असतं, आणि त्याआधी एक जलद तपासणीही असते. जलद तपासणीत काही सापडलं नाही. काही आठवड्यांनी दुसरा कागद आला, वाढ नाही. डॉक्टरबाईंनी तो कागद दोनदा पाहिला. "गाठीत कधी कधी जंतू फार कमी असतात," त्या म्हणाल्या. नेहमीच्या गोळ्या तोवर सुरू झालेल्या होत्या. बहुतेकांना त्यांनीच बरं वाटतं.

अक्का

गोळ्या सकाळी उपाशीपोटी. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली आणि मी किंचाळत बाहेर आले. गोळ्यांच्या रंगाने असं होतं हे कुणी तरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी तुम्हाला सांगतेय. मळमळ, तोंडाला चव नाही. अप्पा रोज घड्याळ लावून गोळ्या माझ्या तळहातावर ठेवायचे, एक एक मोजून, आणि गिळल्याशिवाय हलायचे नाहीत.

अक्का दर रविवारी यायची. पहिल्या रविवारनंतर ती एकटी येऊ लागली. माझी भाची आठ वर्षांची आहे, माझ्या साडीत गुंडाळून घेणं हा तिचा आवडता खेळ.

"अक्का, गाठीचा टीबी श्वासातून पसरत नाही. डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाल्या."

"माहीत आहे गं रेणू." ती डब्याचं झाकण लावत राहिली. "मला माहीत आहे. पण घरी सगळ्यांना कसं समजावू?"

तिने आणलेली भाजी मी दोन दिवस खाल्ली नाही. तिने मुलीची चित्रं पाठवायला सुरुवात केली, दर आठवड्याला एक, आणि मी ती फ्रिजवर लावत गेले.

"कुणी घातलं?"

चौथ्या महिन्यात टाक्यांच्या बाजूला दुसरी गाठ आली. औषध लागू पडत असतानाही कधी कधी गाठी फुगतात, म्हणून आणखी महिनाभर वाट पाहिली. ती गाठ फुटली. मान सतत ओली, पट्टी सतत बदलायची, आणि दुकानात आता मला काउंटरमागे घड्या घालायला बसवलं. गौरी-गणपतीची गर्दी समोर होती आणि मी साड्यांच्या घड्या घालत होते.

डॉक्टरबाईंनी पुन्हा गाठ काढायचं ठरवलं. फाइल चाळता चाळता त्यांनी सहज विचारलं, "मागच्या वेळी दुसरा तुकडा सलाइनमध्येच गेला होता ना?"

अप्पा खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर जुनी प्रौढी होती. "मॅडम, त्या बाटलीत फॉर्मलिन घालायचं राहिलं होतं. मी घातलं."

"कुणी घातलं?"

"मी. लॅबमध्ये तेहतीस वर्षं होतो मी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या ओरडल्या नाहीत, हे मी त्यांचं ऋण मानते. त्या म्हणाल्या, "सर, फॉर्मलिन तुकडा टिकवतं, पण त्यातले जंतू मारून टाकतं. एक तुकडा आम्हाला नुसता बघायचा असतो, तो फॉर्मलिनमध्ये. दुसऱ्यातले जंतू आम्हाला जिवंत हवे होते."

अप्पा म्हणाले, "जिवंत?"

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या की बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं, आणि 'वाढ नाही' असा कागद आला तेव्हा त्यांनीही हे विचारायला हवं होतं. सगळं खरं होतं. अप्पा आपल्या पिवळ्या नखांकडे बघत होते.

या वेळी बाटल्या अक्काने नेल्या. अप्पा भिंतीला टेकून उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे.

दोन दिवसांत जलद तपासणीचा निकाल आला. माझ्या गाठीतले जंतू नेहमीच्या मुख्य औषधाला दाद देणारे नव्हते. पाच महिने मी ज्या गोळ्या गिळल्या, त्यांतल्या सगळ्यात कामाच्या गोळीचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नव्हता.

मी काय बोलले

घरी आले. चपला काढल्या. अप्पा तांब्यातून पाणी घेऊन आले. म्हणाले, "रेणू, मला वाटलं सडेल."

मी म्हटलं, "मी तुमच्या बरणीतला बेडूक नव्हते, अप्पा."

एवढंच. पण अठरा वर्षं बोलून पोट भरते मी, कुठलं वाक्य कुठे लागतं ते मला कळतं. ते लागावं म्हणूनच बोलले. अप्पांनी तांब्या टेबलावर ठेवला, आणि "सरी" म्हणाले. नेहमीसारखंच म्हणाले. मिशीत हसू तेवढं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोळ्या माझ्या तळहातावर ठेवणं बंद केलं. नवीन गोळ्यांची पाकिटं आणि पाण्याचा पेला स्टुलावर मांडायचे आणि लांब उभे राहून म्हणायचे, "तूच बघून घे, बरोबर आहेत का." मग ते प्रत्येक गोष्टीलाच असं म्हणू लागले. रेणू, गॅस बंद आहे का तू बघ. कुलूप नीट लागलं का बघ. सांबारात मीठ घातलं की नाही ते तू सांग. हजारो बरण्या सांभाळलेला माणूस स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवेनासा झाला. आणि मी उठून बघून यायचे, "बरोबर आहे" म्हणायचे, कोरडेपणाने. माझा राग अजून संपलेला नव्हता.

बोटं

नवीन औषधांपैकी एकाने नसांना त्रास होतो. आधी पायांच्या तळव्यांत मुंग्या आल्या. मग हातांची बोटं. चहाचा कप गरम आहे की गार ते ओठांना लागल्यावर कळायचं. एके दिवशी दुकानात दोन साड्या समोर आल्या, एक शुद्ध रेशमाची, एक भेसळीची. मी डोळे मिटून चिमटीत धरून सांगायचे, हीच माझी मिजास. दोन्ही सारख्याच लागल्या. दोन्ही काहीच लागल्या नाहीत. मालकांना काही न सांगता मी मागे गोडाउनमध्ये जाऊन रडले.

घरी सांगितलं, तेव्हा अप्पा माझ्या बोटांकडे बघत राहिले. पुढे रोज बघायचे, आणि मग आपल्या हातांकडे.

ईसीजी आणि रक्त तपासायला वरचेवर जावं लागायचं. अप्पा बरोबर यायचे, पण आता डॉक्टरांच्या खोलीत यायचे नाहीत, बाहेरच्या बाकावर बसायचे. एकदा मी डॉक्टरबाईंना विचारलं, "बाटलीचं ते झालं नसतं, तर ही बोटं वाचली असती ना?"

त्या म्हणाल्या, "नाही. जंतूच तसे होते. पहिल्या दिवशी कळलं असतं तरी हेच औषध द्यावं लागलं असतं. उशिरामुळे तुमचे पाच महिने गेले, गाठ फुटली, ते खरं. बोटांचा त्या बाटलीशी संबंध नाही." त्यांनी त्या गोळीचा डोस कमी केला.

मी बाहेर आले. अप्पा बाकावरून उठले. "काय म्हणाल्या?"

मी म्हटलं, "गोळ्या चालू ठेवा म्हणाल्या."

हे लिहिताना माझा हात थांबतो. मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. मला वाटलं असेल, राहू दे अजून थोडे दिवस. कुणावर तरी राग असला की आजार सोसायला बरा पडतो. परवा सांगेन, असं मी रोज मनात म्हणत होते. दिवसाला पन्नास गिऱ्हाइकांशी गोड बोलणाऱ्या बाईला बापाशी एक वाक्य बोलायला महिना पुरला नाही.

अवरेकाळू

डिसेंबर लागला, अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आल्या. या दाण्यांचं सांबार करायचं तर दाणे भिजवून एक एक चिमटीत दाबून सालातून काढावे लागतात. हे काम आईनंतर माझं. त्या वर्षी माझ्या चिमटीतून दाणे नुसते निसटत होते. अप्पांनी भांडं माझ्यापुढून उचललं आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सोलायला लागले. सकाळचे साडेआठ वाजले असतील. मी वेणी घालत होते.

"रेणू, बघ गं, नीट निघतायत का."

"आले."

मी वेणी पुरी केली, पिन लावली. आत गेले तेव्हा अप्पा भिंतीला टेकले होते. भांडं मांडीवर होतं, सांडलेलं नव्हतं. दाणे नीट निघाले होते, एकही फुटलेला नव्हता. ते मी त्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं, मग शेजारणीला हाक मारली.

घराजवळचे डॉक्टर आले, म्हणाले हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल.

तुमच्या हातात बाटल्या आल्या तर

माझ्या गोळ्या संपून आता काही महिने झाले. मानेवर व्रण आहे, तो मी झाकत नाही. पायांच्या मुंग्या आहेत. उजव्या हाताच्या बोटांत थोडं कळायला लागलंय, डावा अजून रुसलेला आहे. मालकांनी मला पुन्हा आरशापुढे उभं केलं. रेशीम आता मी डोळ्यांनी ओळखायला शिकतेय. भाची येते, साडीत गुंडाळून घेते.

तुमच्या माणसाची गाठ काढली आणि बाटल्या तुमच्या हातात आल्या, तर दार लागायच्या आत विचारा: कुठल्या बाटलीत काय आहे, कुठली कुठे जायची, किती वेळात. लिहून द्या म्हणा. उघडू नका, ओतू नका, एकीतलं दुसरीत करू नका, तुम्हाला कितीही कळत असलं तरी. आणि कुणाच्या हातून चूक झालीच, तर त्याला जे कळायला हवं ते त्याच दिवशी सांगा. वेणी नंतर घाला.

राहिलेला एक दिवस

अप्पा गेले त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी देहदानाचा फॉर्म भरला होता. साक्षीदार म्हणून आम्हा दोघी बहिणींच्या सह्या होत्या. तरी अक्का म्हणाली, "आईला अग्नी दिला, अप्पांना का नको?" मी तो कागद तिच्यापुढे धरला. तिने स्वतःची सही बराच वेळ पाहिली आणि अप्पांसारखंच "सरी" म्हणाली. मग आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो, आजार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

मेडिकल कॉलेजचा तो कॉरिडॉर लांब आणि थंड होता. दार उघडलं आणि तो वास आला. माझ्या बोटांना काही कळत नसलं तरी नाक शाबूत होतं. मी आठ वर्षांची झाले, संध्याकाळ झाली, आणि अप्पा घरी आले.

खाकी कपड्यांतला एक पन्नाशी उलटलेला अटेंडर पुढे आला. कागद घेतला. "हे काय काम करायचे?" त्याने कानडीत विचारलं.

"अटेंडर होते. प्राणिशास्त्राच्या लॅबला."

त्याने हात पुसले आणि अप्पांना नमस्कार केला. त्याचीही नखं पिवळी होती.

मी अप्पांच्या कपाळावर हात ठेवला. गार असेल, मला कळलं नाही. कानाशी वाकून सांगितलं, बोटं तुमच्यामुळे गेली नाहीत, अप्पा, डॉक्टर म्हणाल्या. ज्याला ते हवं होतं तो माणूस सकाळीच गेला होता, हे मला माहीत होतं. तरी पूर्ण सांगितलं, महिनाभर जे सांगायचं होतं ते सगळं.

ते स्ट्रेचर आत न्यायला लागले तेव्हा मी त्या अटेंडरला थांबवलं.

"अण्णा, फॉर्मलिन कमी पडू देऊ नका. पूर्ण बुडालेले असू द्या. एवढंसं वर राहिलेलं त्यांना चालायचं नाही."

तो म्हणाला, "मला ठाऊक आहे, अम्मा. मी स्वतः बघतो."